दूरस्थ संगणकांवर देखरेखीविना आज्ञावली चालविणे : ओळख, अधिकार आणि अपयशाची नोंद

बीजशब्द : दूरस्थ आज्ञा, स्क्रिप्ट, नियोजित कार्य, किल्ली-जोडी, सेवाखाते

प्रस्तावना

समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत ६० संगणक आहेत आणि ऑनलाइन परीक्षेपूर्वी त्या सर्वांवर एक आज्ञावली बसवावयाची आहे. एका संगणकामागे १० मिनिटे धरली, तरी प्रयोगशाळा साहाय्यकाचे १० तास खर्ची पडतात. हेच काम एका जागेवरून, किंबहुना त्या जागेवरही कोणी बसलेले नसताना, रात्री २ वाजता एका छोट्या स्क्रिप्टद्वारे करून घेता येते. त्यासाठी लागणारी साधने नवी नाहीत आणि महागही नाहीत. बहुतेक कार्यप्रणालींमध्ये ती मुळातच असतात किंवा विनामूल्य मिळतात. तरीही अशी कामे ज्यांनी केली आहेत त्यांना एक गोष्ट परिचयाची असते. दुपारी समोर बसून चालविलेली स्क्रिप्ट बिनबोभाट चालते आणि तीच स्क्रिप्ट रात्री आपोआप चालविली की अडते, अथवा चालल्याचा नुसता आभास निर्माण करते.

याचे कारण आज्ञेत क्वचितच असते. संगणकासमोर बसलेली व्यक्ती आज्ञा देण्याखेरीज आणखी तीन कामे नकळत करीत असते. ती स्वतःची ओळख पटविते; संगणकाने मध्येच विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देते; आणि काही बिघडले तर ते तिच्या लक्षात येते. माणूस बाजूला काढला की ही तिन्ही कामे कोणाच्या तरी अंगावर टाकावी लागतात. ती कशी टाकली जातात आणि त्यांत कोणते धोके दडलेले असतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेख संगणकशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित नाही. ज्यांच्या विभागाची गुणपत्रके, शुल्कनोंदी अथवा ग्रंथालयाची सूची अशा एखाद्या रात्रीच्या स्क्रिप्टवर विसंबून आहे, त्या सर्वांचा या विषयाशी संबंध येतो.

विश्वासावर उभारलेली सुरुवात

दुसऱ्या संगणकावर आज्ञा चालविण्याची सोय युनिक्स कार्यप्रणालीत फार पूर्वीपासून आहे. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर आरएसएच ही आज्ञा आली. तिची रचना तत्कालीन विद्यापीठीय वातावरणाला साजेशी होती. दूरच्या संगणकावर एका साध्या फाइलीत ‘अमुक संगणकावरून अमुक नावाने कोणी आले तर पासवर्ड विचारू नये’ अशी नोंद करून ठेवली की काम भागत असे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आदर्शच होती, कारण रात्री पासवर्ड टंकित करावयास कोणी उपस्थित नसतो.

या सोयीची किंमत २ नोव्हेंबर १९८८ रोजी कळून आली. कॉर्नेल विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेली, स्वतःच्या प्रती स्वतःच पसरविणारी आज्ञावली अनेक मार्गांनी फैलावली. त्यांपैकी एक मार्ग या परस्परविश्वासाचा होता. एका संगणकात शिरकाव झाला की तो संगणक ज्यांच्या विश्वासास पात्र होता, त्या सर्व संगणकांची दारे उघडीच असत. सुमारे ६,००० संगणक बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळी वर्तविला गेला. मॉरिसची आज्ञावली ही एका अर्थाने दूरस्थ संगणकांवर देखरेखीविना चालणारी आज्ञावलीच होती, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रशासकाची स्क्रिप्ट आणि घुसखोराची स्क्रिप्ट एकाच वाटेने जातात. ही वाट जितकी सुलभ, तितकी ती दोघांनाही सुलभ असते.

आरएसएचमध्ये आणखी एक उणीव होती. सर्व मजकूर उघड्या स्वरूपात तारेवरून जात असे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर तेथील ताटू य्लोनेन यांनी एसएसएच ही प्रणाली तयार केली. तिच्यात देवघेव सांकेतिक स्वरूपात होते आणि ओळख पटविण्यासाठी पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. खासगी किल्ली आज्ञा देणाऱ्या संगणकावर राहते, सार्वजनिक किल्ली आज्ञा घेणाऱ्या संगणकावर ठेवली जाते. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आली आणि आज लिनक्स सर्व्हरवरील दूरस्थ स्वयंचलित कामे प्रामुख्याने तिच्यावर चालतात. विंडोज १० मध्येही २०१८ च्या १८०९ या आवृत्तीपासून ती ऐच्छिक घटक म्हणून उपलब्ध झाली.

प्रश्नांना उत्तर देणारे कोणी नसते

ठरलेल्या वेळी आज्ञा सुरू करण्याचे काम युनिक्समध्ये क्रॉन करतो, विंडोजमध्ये टास्क शेड्यूलर करतो. १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत क्रॉन होता. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचे वंशज लिनक्सवर अद्याप वापरात आहेत. क्रॉन आज्ञा चालवितो त्या वेळी वापरकर्त्याच्या नेहमीच्या मांडणीपैकी फारच थोडे भोवती असते. आज्ञावली कोणत्या फोल्डरांत शोधावयाच्या याची यादी अगदी तोकडी असते, पडदा नसतो, कळफलक नसतो. दुपारी चाललेली स्क्रिप्ट रात्री ‘आज्ञा सापडली नाही’ असे म्हणते ते बहुधा यामुळेच. प्रत्येक आज्ञावलीचा संपूर्ण मार्ग स्क्रिप्टमध्ये लिहिणे हा त्यावरील साधा आणि खात्रीचा उपाय होय.

याहून चकवा देणारी अडचण म्हणजे मध्येच विचारलेला प्रश्न. एसएसएचने एखाद्या संगणकाशी प्रथमच संपर्क साधला की, ‘या संगणकाची ओळख आपणांस मान्य आहे काय?’ असा प्रश्न येतो. माणूस सवयीने ‘होय’ असे टंकित करून पुढे जातो. स्क्रिप्टला ते जमत नाही. ती तेथेच थांबते अथवा संपर्क नाकारून परतते. हा प्रश्न कायमचा बंद करून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो स्वीकारू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दुसराच एखादा संगणक आपल्या सर्व्हरचे सोंग घेऊन मध्ये उभा नाही ना, याची खातरजमा त्या प्रश्नातून होत असते. प्रयोगशाळेतील संगणकांच्या ओळखी आधीच, दिवसा, पडताळून एका फाइलीत गोळा करून ठेवाव्यात आणि रात्रीच्या आज्ञेत बॅचमोड हा पर्याय द्यावा. त्यामुळे एसएसएच पासवर्ड वगैरे विचारत बसण्याऐवजी तत्काळ अपयश कळविते. अनुपस्थितीत चालणाऱ्या कामाला अडून राहण्यापेक्षा लगेच अपयशी होणे केव्हाही हितावह असते.

प्रश्नांना खोटी उत्तरे पुरविण्याचीही एक परंपरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये एक्स्पेक्ट ही आज्ञावली सादर केली. समोरून ‘पासवर्ड’ असा शब्द आला की अमुक अक्षरे पाठवावीत, अशा सूचना तीत लिहिता येतात. जुन्या उपकरणांसाठी ती आजही कामास येते. मात्र तिच्यासाठी पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावा लागतो आणि तिकडून येणारा शब्द बदलला की सगळी साखळी तुटते.

येथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती भल्याभल्यांना गोंधळात टाकते. ६० संगणकांची यादी एका फाइलीत ठेवून, ओळीमागून ओळ वाचत प्रत्येकावर एसएसएचने आज्ञा चालविण्याची स्क्रिप्ट लिहिली, तर काम पहिल्याच संगणकावर होते आणि स्क्रिप्ट कोणतीही तक्रार न करता संपते. एसएसएच स्वतःसाठी आलेला मजकूर समजून उरलेली ५९ नावे गिळून टाकते. त्याचा आगत मार्ग बंद करणारा पर्याय दिला की यादी शेवटपर्यंत वाचली जाते.

विंडोज संगणकांची वेगळी वाट

आपल्याकडील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विंडोजचाच वापर अधिक दिसतो, म्हणून त्याचा विचार विस्ताराने केला पाहिजे. मार्क रुसिनोविच यांची पीएसएक्झेक ही आज्ञावली या कामासाठी सर्वाधिक ओळखीची आहे. त्यांची सिसइंटर्नल्स ही साधने जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आली. तिची कार्यपद्धती समजून घेतली तर बऱ्याच अडचणींचा उलगडा आपोआप होतो. ती दूरच्या संगणकाच्या प्रशासकीय सामायिक फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवते, त्या फाइलीची विंडोज सर्व्हिस म्हणून नोंदणी करून ती सुरू करते, आणि त्या सर्व्हिसमार्फत आपली आज्ञा चालविते. म्हणजेच दूरच्या संगणकावर प्रशासकाचा अधिकार, फाइल सामायिकतेला मोकळीक आणि अग्निभिंतीत त्यासाठी वाट, या तिन्ही गोष्टी लागतात. प्रथम वापराच्या वेळी परवान्याच्या अटी मान्य करण्याची चौकट उघडते, ती रात्री कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. ती संमती आज्ञेतच द्यावी लागते. ही संमती प्रत्येक वापरकर्त्यापुरती नोंदली जाते. त्यामुळे साहाय्यकाने स्वतःच्या खात्यातून एकदा ‘मान्य’ केले असले तरी शेड्यूलर दुसऱ्या खात्याने काम चालवीत असेल, तर चौकट पुन्हा उभी राहते.

दुसरा मार्ग डब्ल्यूएमआयचा. त्यातील प्रक्रिया निर्माण करण्याच्या पद्धतीला दूरच्या संगणकाचे नाव आणि आज्ञा दिली की ती शून्य किंवा अन्य अंक परत करते. शून्य आले की काम झाले, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. त्या शून्याचा अर्थ आज्ञावली सुरू झाली एवढाच. ती पुढच्या क्षणी कोसळली की पूर्ण झाली, हे तो अंक सांगत नाही. या पद्धतीने पूर्वी व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टा अनेक ठिकाणी अजून चालू आहेत; मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट कालबाह्य घोषित केले असल्याने त्यांचे पॉवरशेलमध्ये रूपांतर करणे आता टाळता येणार नाही. पॉवरशेलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००६ मध्ये आली, दूरस्थ आज्ञांची सोय २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. ती सोय ५९८५ आणि ५९८६ या दोन ठरावीक पोर्टवरून चालते, त्यामुळे अग्निभिंतीची व्यवस्था लावणे सोपे जाते.

‘आज्ञावली चालू आहे असे यादीत दिसते, पण पडद्यावर काहीच येत नाही’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस एका स्वतंत्र सत्रात, ज्याला शून्य क्रमांकाचे सत्र म्हणतात, चालतात. त्या सत्राचा समोरच्या पडद्याशी संबंध नसतो. तेथे उघडलेली खिडकी अस्तित्वात असते, परंतु तिच्यावरील ‘ओके’ दाबणारे कोणी नसते आणि आज्ञावली अनंत काळ वाट पाहत राहते. यास्तव देखरेखीविना बसवावयाच्या आज्ञावलीला मूक स्थापनेचा पर्याय आहे की नाही, हे प्रथम पाहावे. तो नसेल, तर स्क्रिप्टच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळांतील दोन सवयींचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी खात्याला पासवर्डच न ठेवणे ही पहिली. विंडोज एक्सपीपासून पासवर्ड नसलेल्या खात्याने केवळ संगणकासमोर बसूनच लॉग-इन करता येते. नेटवर्कवरून ते खाते नाकारले जाते. दुसरी सवय म्हणजे डोमेनऐवजी वर्कग्रुप वापरणे. तेथे स्थानिक प्रशासक-गटातील खाते नेटवर्कवरून आले की यूझर अकाउंट कंट्रोल त्याचे प्रशासकीय अधिकार काढून घेते आणि पासवर्ड अचूक असूनही ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर मिळते. हे बंधन रजिस्ट्रीतील एका नोंदीने उठविता येते. तथापि ते उठविण्यापूर्वी पुढील भागातील घटना अवश्य विचारात घ्यावी.

तत्पूर्वी आणखी एक अडथळा. पहिल्या संगणकाने दुसऱ्यावर आज्ञावली सुरू केली आणि त्या आज्ञावलीने तिसऱ्या संगणकावरील सामायिक फोल्डरमधून फाइल मागितली, तर ती बहुधा मिळत नाही. पहिल्याने पटविलेली ओळख दुसऱ्याला पुढे वापरता येत नाही. हे बंधन त्रासदायक वाटले तरी योग्य आहे. लागणाऱ्या फाइली आधी दुसऱ्या संगणकावर पोहोचवून मगच आज्ञा सुरू करणे, हा त्यातून निघणारा सरळ मार्ग होय.

पासवर्ड कोठे ठेवावा

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून नॉटपेट्या ही विध्वंसक आज्ञावली बाहेर पडली. तिने विंडोजमधील एका त्रुटीचा उपयोग केलाच. पण ज्या संगणकांवर ती त्रुटी दुरुस्त केलेली होती तेथेही ती पोहोचली. बाधित संगणकाच्या स्मृतीतून प्रशासकांचे पासवर्ड व तत्सम ओळखपत्रे काढून घ्यावयाची आणि पीएसएक्झेक व डब्ल्यूएमआय यांच्याच साहाय्याने शेजारच्या संगणकांवर स्वतःला चालवावयाचे, अशी तिची रीत होती. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. त्याच उद्योगसमूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे असलेल्या नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदराच्या जीटीआय टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. कीव्हमध्ये सुरू झालेली गोष्ट उरणजवळच्या कंटेनरांपर्यंत पोहोचली. त्यासाठी वापरलेली साधने तीच होती, जी प्रशासक आपल्या रात्रीच्या कामांसाठी वापरतात.

सर्व ६० संगणकांवर एकच प्रशासकीय पासवर्ड ठेवणे आणि तो स्क्रिप्टमध्ये लिहिणे, यांचा अर्थ या घटनेच्या प्रकाशात स्पष्ट व्हावा. स्क्रिप्टची फाइल ज्याला वाचता येते, त्याला सारी प्रयोगशाळा आंदण मिळते. पीएसएक्झेकच्या २०१४ पूर्वीच्या आवृत्त्यांत तर आज्ञेत दिलेला पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जात असे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये दिलेले आणि एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच समाविष्ट झालेले लॅप्स हे साधन प्रत्येक संगणकाचा स्थानिक प्रशासकीय पासवर्ड वेगळा ठेवते व ठरावीक काळाने बदलते. त्यासाठी डोमेनची किंवा मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीची व्यवस्था मात्र असावी लागते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून उपलब्ध असलेल्या समूह-सेवाखात्यांचा पासवर्ड तर कोणा माणसाला माहीतच नसतो.

लिनक्सवर खासगी किल्लीला पासवर्डचे संरक्षण दिले तर रात्री तो पासवर्ड कोण देणार, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. न दिले तर किल्लीची फाइल चोरणाऱ्याला सर्व काही मिळते. या पेचातून सुटण्याचा मार्ग दूरच्या संगणकावर आहे. तेथे सार्वजनिक किल्लीच्या ओळीतच ‘ही किल्ली अमुक पत्त्यावरून आली तरच स्वीकारावी, आणि तिने केवळ अमुक एकच आज्ञा चालवावी’ असे लिहिता येते. मग ती किल्ली चोरीस गेली तरी चोराला ग्रंथालयाच्या सूचीची प्रत काढण्यापलीकडे काही करता येत नाही. इतकी उपयुक्त सोय इतकी कमी वापरली जाते याचे आश्चर्य वाटते.

झाले नाही, हे कळणार कसे

आज्ञावली संपताना मागे एक अंक ठेवते. शून्य म्हणजे यश, अन्य काही म्हणजे अपयश, असा संकेत आहे. एसएसएच दूरच्या आज्ञेचा अंक जसाच्या तसा परत आणते आणि संपर्कच झाला नसेल तर २५५ देते. त्यामुळे ‘संगणक बंद होता’ आणि ‘संगणक चालू होता पण काम बिघडले’ हे दोन प्रकार बहुतांशी वेगळे करता येतात. बंद संगणक हे प्रयोगशाळेतील नित्याचे वास्तव आहे. वेक-ऑन-लॅनची सोय असेल तर १०२ बाइटचे एक छोटे पाकीट पाठवून त्यांना जागे करता येते, परंतु भिंतीवरील बटणच कोणी बंद केले असेल तर तेही व्यर्थ. म्हणून स्क्रिप्टने प्रत्येक संगणकासाठी वेळमर्यादा पाळावी, न सापडलेल्यांची वेगळी यादी ठेवावी आणि तीच स्क्रिप्ट दुसऱ्या रात्री पुन्हा चालविली तरी झालेले काम दुबार होणार नाही अशी तिची रचना असावी.

अंक आणि याद्या जमल्या तरी त्या कोणाच्या तरी नजरेस पडाव्या लागतात. गिटलॅब या प्रसिद्ध संकेतस्थळावर ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य विदागाराचा साठा पुसला गेला. तेव्हा असे उघडकीस आले की, नियमित प्रत काढणारी स्वयंचलित आज्ञा अपयशी होत होती, कारण प्रत काढणारी आज्ञावली ९.२ आवृत्तीची आणि विदागार ९.६ आवृत्तीचे होते. आज्ञा अपयशी झाली की ई-मेल जावा अशी व्यवस्थाही होती. ई-मेल जातही होते. परंतु प्रेषकाची सत्यता तपासणाऱ्या डीमार्क नियमात ते बसत नसल्याने स्वीकारले जात नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने काढलेली एक प्रत सापडली म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या नोंदींवर निभावले. कंपनीने ही सारी हकिकत स्वतःहून प्रसिद्ध केली.

ही घटना केवळ मोठ्या कंपनीची म्हणून सोडून देता येत नाही. क्रॉनही अपयशाचे वृत्त स्थानिक टपालपेटीत टाकून मोकळा होतो आणि ती पेटी महिनोन्महिने कोणी उघडत नाही. अपयश झाल्यावर ई-मेल पाठवावा या पद्धतीतील दोष असा की, शांतता आणि यश यांत भेद राहत नाही. याउलट, यश झाल्यावर रोज एक ओळीचा संदेश यावा आणि सकाळी १० वाजेपर्यंत तो न आल्यास संबंधिताने चौकशी करावी, अशी योजना अधिक भरवशाची ठरते. त्यासोबत महिन्यातून एकदा, काढलेल्या प्रतीतून एखादी गुणपत्रिका प्रत्यक्ष परत मिळवून पाहावी.

कर्मचारी बदलल्यावर

महाविद्यालयांत या कामांना एका व्यक्तीचे नाव चिकटलेले असते. ज्या साहाय्यकाने स्क्रिप्ट लिहिली, तिच्या स्वतःच्या खात्यानेच ती चालत राहते. ती निवृत्त झाली वा तिची बदली झाली की दोहोंपैकी एक घडते. नियमानुसार तिचे खाते बंद केले तर त्या रात्रीपासून सर्व कामे मूकपणे थांबतात. टास्क शेड्यूलरमध्ये साठविलेला पासवर्ड नुसता बदलला तरी हेच होते. कामे थांबू नयेत म्हणून खाते चालू ठेवले, तर संस्थेशी संबंध न उरलेल्या व्यक्तीच्या नावाने ६० संगणकांवर प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालत राहतात आणि उद्या काही आक्षेपार्ह घडल्यास त्या व्यक्तीलाच उत्तर द्यावे लागेल अशी स्थिती निर्माण होते. हा तिच्यावर अन्याय आहे.

त्यासाठी अशा प्रत्येक कामाला व्यक्तीच्या नव्हे तर कामाच्या नावाचे, त्या कामापुरतेच अधिकार असलेले सेवाखाते असावे. तसेच डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे एक नोंदवही प्रयोगशाळेत ठेवावी. तीत कोणती स्क्रिप्ट, कोणत्या संगणकावरून, कोणत्या वेळी, कोणत्या खात्याने व कोणत्या संगणकांवर चालते, तिची किल्ली कोठे आहे आणि तिच्या यशाचा संदेश कोणाकडे जातो, एवढे रकाने पुरेत. वार्षिक तपासणीत खुर्च्या व संगणक मोजले जातात, त्याच दिवशी सर्व्हरवरील स्वीकृत किल्ल्यांची यादी आणि शेड्यूलरमधील कामे या वहीशी ताडून पाहावीत. वहीत नसलेली जी किल्ली सापडेल, ती त्याच दिवशी काढून टाकावी.